राणीवशांतील कारस्थान

नवऱ्याचें बिंग बायकोनें फोडावें आणि त्याची फजिती पाहून प्रेक्षकांनीं पोट धरून हंसावें, ही रंगभूमीवरील फार जुनी करमणूक आहे. १६०२ सालीं छापलेल्या शेक्सपिअरच्या एका नाटकांत विंडसर गांवच्या दोन सधन गृहिणी आपल्यावर डोळा ठेवणाऱ्या लठ्ठ सरदाराला मळक्या कपड्यांच्या टोपलींत कोंबून नदींत फेकवितात, आणि त्याच डावांत एका संशयी नवऱ्याचीही खोड मोडतात. आपल्याकडे गोविंद बल्लाळ देवल यांनीं १८९३ मध्यें 'फाल्गुनराव' लिहिलें. त्याचेंच पुढें १९१६ सालीं 'संगीत संशयकल्लोळ' झालें. तेथें कृत्तिकाबाई नवऱ्यावर पाळत ठेवते आणि नवरा तिच्यावर. एका तसबिरीपायीं घरांत वणवा पेटतो, आणि शेवटीं कोणीच गुन्हेगार नव्हता असें ठरून मंडळी हंसतमुखानें घरीं जातात.

अशा नाटकांचा एक नियम ठरून गेलेला आहे. पडदा पडण्यापूर्वी सर्वांचें देणेंघेणें चुकतें झालें पाहिजे. आज मी ज्या कथेविषयीं बोलणार आहें, तींत हा नियम पाळलेला नाहीं. तींत राण्या आहेत, कारस्थान आहे, खड्डा आहे, घोड्यांची लीद आहे, आणि एकामागून एक जळून राख होणारे राजाचे पांच पुतळे आहेत. ऐकणारा हंसतो; परंतु हंसून झाल्यावर राण्यांचें देणें कोणाकडे राहिलें, असा प्रश्न त्याच्या मनांत उरतो. ही कथा आहे गोपीचंद राजाची. ती घडली असें सांगतात दूर बंगाल्यांत; पण आमच्याकडे ती नांदते पाथर्डीच्या डोंगरांत.

पाथर्डी हें ज्याला पूर्वी अहमदनगर म्हणत व २०२४ पासून अहिल्यानगर म्हणतात, त्या जिल्ह्याच्या पूर्वेकडील तालुक्याचें गांव. त्याच्या आसपासच्या डोंगररांगेला गर्भगिरि असें नांव आहे. पाऊस बेताचा, माती पातळ. पण नाथपंथाचीं स्थानें मात्र येथें दाट. मढीच्या टेकडीवर कानिफनाथांची समाधि आहे. जवळच वृद्धेश्वराचें देवालय आहे. डोंगर ओलांडून बीड जिल्ह्यांत उतरलें कीं सावरगांवास मच्छिंद्रनाथांचें आणि येवलवाडीस जालिंदरनाथांचें स्थान लागतें. होळीपासून गुढीपाडव्यापर्यंत मढीस यात्रा भरते. रंगपंचमीचा दिवस त्यांत मोठा. येथला गाढवांचा बाजार प्रसिद्ध आहे, आणि गांवोगांव हिंडून पोट भरणाऱ्या जमातींची तर ही पंढरीच. त्यांच्या जातपंचायती पूर्वी या यात्रेंत भरत, आणि नवराबायकोचे तंटे, काडीमोड, दुसरा घरोबा यांचे निवाडे नाथांच्या पायथ्याशीं होत. अशा ठिकाणीं भराड्यानें डौर वाजवून गोपीचंदाची कथा सांगावी, यांत औचित्य आहे. ती कथाही मुळांत एका फुटलेल्या संसाराचीच आहे.

मराठींत ही कथा घरोघर पोंचविली ती धुंडिसुत मालू याच्या 'नवनाथ भक्तिसार' या ओवीबद्ध ग्रंथानें. शके १७४१ म्हणजे १८१९ सालीं पुरा झालेला हा चाळीस अध्यायांचा ग्रंथ श्रावणांत अजूनही वाचला जातो. मराठी नाटकाचे आद्य प्रवर्तक विष्णुदास भावे यांनीं १८५० नंतरच्या दशकांत मुंबईस हिंदुस्थानी भाषेंत खेळ केला, तोही गोपीचंदाचाच. एवढी ही कथा लोकांच्या परिचयाची. म्हणून मी ती सांगतांना नाथांच्या बाजूनें न सांगतां, थोडी राणीवशाच्या खिडकींतून सांगणार आहें.

हेलापट्टण नगरींत गोपीचंद राज्य करीत होता. वडील वारलेले, आई मैनावती. त्या नगरींत जालिंदरनाथ आले. डोक्यावर गवताचा भारा असे, पण तो डोक्याला न टेकतां वर अधांतरीं तरंगे. मैनावतीनें तें माडीवरून पाहिलें, दासीकरवीं त्यांचा ठावठिकाणा काढला, आणि रात्रीं जाऊन त्यांचा उपदेश घेतला. राजमातेनें रात्रीं एका गवत वाहणाऱ्या जोग्याकडे जावें, ही गोष्ट पुढें किती महाग पडणार आहे हें तिला त्या वेळीं कळलें नसावें.

एके दिवशीं गोपीचंद स्नानास बसला होता. भोंवतीं राण्या, उटणें, सुगंध. माडीवर उभ्या असलेल्या आईला त्याची सोन्यासारखी काया दिसली आणि तिच्या डोळ्यांतून टिपूस गळलें. तें त्याच्या अंगावर पडलें. पाणी थंड असतां हा ऊन थेंब कोठून आला म्हणून त्यानें वर पाहिलें. आई म्हणाली, तुझ्या बापाचीही काया अशीच होती आणि तिची राख झाली. तूं जालिंदरनाथांना शरण जा आणि अमर हो. पुत्राला आईचें म्हणणें पटलें, पण सगळेंच पटलें नाहीं. आणखी बारा वर्षें राज्यसुख भोगूं द्या, मग योग घेतों, असें तो म्हणाला. मनुष्यस्वभावाचें हें चित्र पाहून कोणाला हंसूं येणार नाहीं? वैराग्य हवें आहे, पण तें उधारीवर.

हा संवाद पट्टराणी लुमावंतीनें ऐकला. येथून कारस्थानास आरंभ होतो.

श्रोतेजन हो, क्षणभर लुमावंतीच्या जागीं उभे राहा. तिच्या अंगावरचे दागिने, तिचें पट्टराणीपण, दासींवरचा तिचा अधिकार, हें सारें सिंहासनावर बसलेल्या एका पुरुषाच्या अस्तित्वावर टांगलेलें होतें. तो मेला असता तर ती विधवा झाली असती; विधवेला निदान शोक करावयाची रीत असते. पण नवरा जिवंत असून बैरागी झाला म्हणजे बायको काय होते? तिनें कुंकू लावावें कीं पुसावें? ज्याच्या नांवानें व्रतें करावयाचीं तो झाडाखालीं राख फांसून बसलेला, आणि त्याला तिचें नांवही आठवूं नये हीच त्याच्या साधनेची कसोटी! परस्त्रीकडे जाणारा नवरा रात्रीं उशिरां कां होईना घरीं येतो. त्याच्याशीं भांडतां येतें, अबोला धरतां येतो, सवतीला शिव्या देतां येतात. पण ज्या सवतीला शरीरच नाहीं तिच्या झिंज्या कशा उपटाव्या?

आणि या राजाचें पत्नीव्रत तरी कसलें! त्याच्या राण्या अनेक. त्याला कोणी व्यभिचार म्हणत नसे, कारण राजांची ती रीतच होती. त्या राण्या एरवीं एकमेकींचें तोंड पाहत नसतील. राजा आज कोणाच्या महालीं जाणार यावरून त्यांच्यांत रोजचें युद्ध. पण नवरा समूळच हातचा जाणार असें दिसतांच सगळ्या सवती एका ठिकाणीं बसल्या आणि एकविचारानें बोलूं लागल्या. ज्या ऐक्यासाठीं राजानें जन्मभर खटपट केली असती तरी तें झालें नसतें, तें त्याच्या वैराग्याच्या नुसत्या वार्तेनें एका संध्याकाळीं घडून आलें.

त्यांनीं डाव काय टाकला? नवऱ्याला समजावावें, तर राजापुढें राणीच्या म्हणण्याला वजन किती? सासूशीं भांडावें, तर ती राजमाता. जोग्याला नगराबाहेर घालवावें, तर त्याच्या पाठीशीं राजमाता. तेव्हां अंतःपुरांत जें एक शस्त्र नेहमीं धार लावलेलें असतें तें त्यांनीं उचललें. तें म्हणजे बाईच्या चारित्र्याविषयींची कुजबूज. लुमावंतीनें राजाला एकांतीं सांगितलें कीं, तुमची आई त्या जोग्याच्या नादीं लागली आहे. तुम्हांला फकिरी देऊन बाहेर काढावयाचें आणि त्याला गादीवर बसवावयाचें, असा तिचा बेत आहे.

या ठिकाणीं विनोदाचा रंग काळा होतो. ज्या व्यवस्थेनें या बायकांना निराधार केलें तिच्यावर त्यांनीं घाव घातला नाहीं. घाव घातला तो आणखी एका बाईवर, आणि तोही अशा जागीं कीं जेथें बाईला उत्तरच देतां येत नाहीं. पण राजाची तऱ्हा पाहा. आईनें मृत्यूचें सत्य सांगितलें तेव्हां त्याला बारा वर्षांची सवड हवी होती. बायकोनें आईविषयीं खोटें सांगितलें तेव्हां त्याला एक रात्रही पुरेशी झाली. त्यानें विचारपूस केली नाहीं, साक्षी काढल्या नाहींत. खोल खड्डा खणविला, जालिंदरनाथांना त्यांत टाकविलें, आणि वरून घोड्यांची लीद लोटविली. विंडसरच्या गृहिणींनीं आपला शत्रु मळक्या कपड्यांत बुडविला, हेलापट्टणच्या राण्यांनीं लिदींत. फरक एवढाच कीं तो सरदार खरोखर लंपट होता.

जालिंदरनाथ त्या खड्ड्यांत योगबळानें समाधि लावून बसले. वर राणीवशांत दिवे लागले, उटणीं वाटलीं गेलीं, आणि राजा पुन्हां पाळीपाळीनें महालांत येऊं लागला. कारस्थान फळास आलें. अशीं पुष्कळ वर्षें लोटलीं.

मग मढीचे नाथ या कथेंत प्रवेश करतात. कानिफनाथ जालिंदरनाथांचे शिष्य. सातशें शिष्यांचा लवाजमा घेऊन ते हेलापट्टणास आले. लवाजमा पाहून राजा प्रसन्न झाला. गवताचा भारा वाहणारा गुरु त्याला नको होता, पालखींत बसणारा चालत होता. पुढें खरी हकीकत बाहेर आली आणि राजाची गाळण उडाली. खड्डा उकरला तर आंतून जो शब्द निघेल त्यानें आपली राख होईल, हें त्याला कळून चुकलें. तेव्हां कानिफनाथांनीं युक्ति काढली. राजाएवढे पांच पुतळे करविले: सोन्याचा, रुप्याचा, तांब्याचा, पितळेचा आणि लोखंडाचा. खड्ड्याच्या कांठावर पुतळा पुढें करावयाचा आणि नांव राजाचें सांगावयाचें. आंतून प्रश्न आला, कोण आहे? उत्तर गेलें, गोपीचंद. आंतून शाप आला आणि सोन्याचा राजा जळून गेला. मग रुप्याचा. मग तांब्याचा. राजा बाजूला उभा राहून आपलेंच मरण पांच वेळां पाहत होता, आणि प्रत्येक वेळीं त्याची किंमत उतरत होती. या प्रसंगाला भक्त चमत्कार म्हणतात. मला तो एक सूक्ष्म उपहासही वाटतो. राजाचें राजेपण धातूधातूनें जळतें, आणि शेवटीं लोखंडही जळाल्यावर कांठावर उरतो तो नुसता घाबरलेला माणूस.

तो उरला म्हणून नाथ प्रसन्न झाले. गोपीचंद अमर झाला आणि त्यानें योग घेतला. म्हणजे ज्या गोष्टीच्या भयानें राण्यांनीं एवढा उपद्व्याप केला तीच गोष्ट त्या उपद्व्यापानें घडवून आणली. कारस्थान केलें नसतें तर राजाची बारा वर्षांची उधारी कदाचित् जन्मभर लांबली असती. गुरूचा अपराध माथीं बसला म्हणूनच त्याला पळवाट उरली नाहीं.

पुढचा प्रसंग आला कीं श्रोते डोळे टिपूं लागतात. कफनी घातलेला गोपीचंद स्वतःच्याच वाड्याच्या दारीं भिक्षेस येतो आणि लुमावंतीला 'माई' म्हणून हांक मारतो. नवऱ्याच्या तोंडून आलेल्या या एका शब्दानें तिचें पत्नीपण संपतें. कोणी काडी मोडली नाहीं, पंच बसले नाहींत, तिला कोणी विचारलें नाहीं. ती रडते, आळवते, आणि भिक्षा घालते. ज्या लुमावंतीला पोथी कपटी म्हणते तिला शिक्षा झाली ती एवढीच. पण ज्या राण्या कारस्थानांत नव्हत्या त्यांनाही तीच झाली. राजाची बहीण चंपावती हिनें तर भावाच्या दुःखानें प्राण सोडला, आणि तिला नाथकृपेनें उठवावें लागलें.

बंगाल्यांत हीच कथा निराळ्या अंगानें गातात. ग्रीअर्सनसाहेबांनीं १८७८ सालीं रंगपूरकडील एक गीत एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकांत छापलें. तिकडे राण्यांचीं नांवें अदुना आणि पदुना. गुरु हाडिपा, जातीनें झाडूवाला. राजा तेथें आईची परीक्षा उकळत्या तेलांत पाहतो. आणि गंमत अशी कीं, संन्यासी झालेल्या राजाला गुरु हीरा नांवाच्या वेश्येच्या घरीं गहाण ठेवतो! राण्यांचे महाल ज्यानें वैराग्यासाठीं सोडले त्यानें वेश्येच्या घरीं पाणी भरावें, हा त्या कवीचा विनोद आमच्या पोथीहून तिखट आहे. आज बांगलादेशांत असलेल्या कोमिल्ला शहराजवळील एका टेकडीला राजमातेचें म्हणून मयनामती हें नांव आहे. तिकडे आईची टेकडी, इकडे शिष्याची; राण्यांच्या नांवाची टेकडी मात्र माझ्या ऐकिवांत नाहीं.

गर्भगिरीला स्वतःची अशी आणखी एक राणी आहे. स्त्रीराज्याच्या मैनाकिनीकडे मच्छिंद्रनाथ राहिले, मुलगा झाला, संसार थाटला. गुरूला परत आणण्यासाठीं गोरक्षनाथ कलिंगा नांवाच्या कलावंतिणीच्या मेळ्यांत शिरले आणि मृदंगाच्या बोलांतून त्यांनीं गुरूला साद घातली. राणीनें मेजवान्या दिल्या, विनवण्या केल्या, मोहाचीं जाळीं टाकलीं. कांहीं उपयोग झाला नाहीं. १९३२ सालीं प्रभात कंपनीनें 'माया मच्छिंद्र' हा बोलपट काढला, त्यांत दुर्गाबाई खोटे यांनीं ही राणी उभी केली. निघतांना मच्छिंद्रनाथांच्या झोळींत सोन्याची वीट होती. गर्भगिरीच्या रानांत आल्यावर त्यांना चोरांचें भय वाटूं लागलें. गोरक्षनाथांनीं वीट फेकून दिली आणि गुरूचें दुःख निवारण्यासाठीं सबंध डोंगर सोन्याचा करून दाखविला. ही कथा ऐकतांना सर्वांचें लक्ष सोन्याच्या डोंगराकडे जातें. मला ती फेकलेली वीट आठवत राहते. एका सोडलेल्या बायकोनें नवऱ्याला वाटेंत उपयोगीं पडावी म्हणून बरोबर दिलेली ती वस्तु होती.

ही सारी पोथींतली गोष्ट, असें कोणी म्हणेल. पण याच जिल्ह्यांत, नेवाशास, १२९० सालीं ज्या ज्ञानदेवांनीं गीतेवर टीका सांगितली, त्यांच्या मातापित्यांचें चरित्र आठवून पाहा. विठ्ठलपंतांनीं काशीस जाऊन संन्यास घेतला, तो आपणांस पत्नी नाहीं असें भासवून. आळंदीस राहिलेल्या रुक्मिणीबाईंनीं कारस्थान केलें नाहीं. त्या अश्वत्थाला प्रदक्षिणा घालीत राहिल्या. योगायोगानें पंतांचे गुरु आळंदीस आले, त्यांनीं नमस्कार करणाऱ्या बाईला पुत्रवती होण्याचा आशीर्वाद दिला, आणि मग हकीकत उलगडली. गुरूनें शिष्याला घरीं परत पाठविलें. पण समाजानें त्या घराला क्षमा केली नाहीं, आणि अखेर दोघांनींही देहान्त प्रायश्चित्त घेतलें असें परंपरा सांगते. लुमावंतीनें कपट केलें आणि नवरा गमावला. रुक्मिणीबाईंनीं सहन केलें, नवरा मिळविला, आणि जीव गमावला. दोष नवऱ्याचा असो वा गुरूचा, भरपाई मात्र दोन्ही वेळां बायकोकडूनच वसूल झाली.

वास्तविक आपल्या जुन्या शास्त्रकारांना ही अडचण दिसली नव्हती असें नाहीं. बायकोमुलांची तजवीज न करतां जो प्रव्रज्या घेईल त्याला दंड करावा, असें कौटिल्यानें अर्थशास्त्रांत सांगून ठेविलें आहे. पण कौटिल्याची पोथी राजवाड्यांत राहिली आणि गोपीचंदाची पोथी घराघरांत गेली. इंग्रजी अमदानींत १८६० सालीं दंडसंहिता झाली, तिच्या ४९७ व्या कलमानें व्यभिचार गुन्हा ठरविला. पण फिर्याद करावयाची ती नवऱ्यानें, आणि तीही आपल्या बायकोच्या जारावर. बाहेरख्याली नवऱ्याविरुद्ध बायकोला त्या कलमाचा कांहीं उपयोग नव्हता. तें कलम सर्वोच्च न्यायालयानें २०१८ सालीं रद्द केलें. १९४६ सालीं मुंबई प्रांतानें हिंदु पुरुषाचें दुसरें लग्न कायद्यानें बंद केलें, आणि नवऱ्यानें सवत आणल्यास किंवा घरांत रखेली ठेवल्यास वेगळें राहून पोटगी मागण्याचा हक्क त्याच वर्षीं हिंदु पत्नीला मिळाला. पुढें १९५५ च्या हिंदु विवाह कायद्यांत एक लहानसें पोटकलम आलें, तें मला लुमावंतीसाठींच लिहिल्यासारखें वाटतें. पति किंवा पत्नी यांपैकीं एकानें संसाराचा त्याग करून संन्यासाश्रम स्वीकारला तर दुसऱ्याला घटस्फोट मागतां येतो. म्हणजे दारीं येऊन 'माई' म्हणणाऱ्या नवऱ्याला ती आतां उत्तर देऊं शकते कीं, ठीक आहे, मीही मोकळी झालें.

कायद्यानें कारस्थानाची गरज सगळीच संपली असें नाहीं. जेथें बाईला उघड बोलण्याची सोय नसते तेथें ती दाराआड बोलते. आणि दाराआडचें बोलणें बहुधा दुसऱ्या एखाद्या बाईच्याच गळ्याशीं येऊन थांबतें. सासू-सुनांच्या आणि जावा-जावांच्या ज्या भांडणांना आपण हंसतों त्यांपैकीं किती भांडणें खरोखर त्यांचीं स्वतःचीं असतात? बैठकींत पान खात बसलेल्या पुरुषाशीं जें बोलावयाचें तेंच माजघरांत एकमेकींना बोललें जातें, एवढाच त्यांतला पुष्कळदां अर्थ असतो.

मढीला एका खऱ्या राणीचीही आठवण सांगतात. संभाजी महाराजांच्या पत्नी येसूबाई यांनीं पुत्र शाहू मोंगलांच्या कैदेंतून सुटावा म्हणून कानिफनाथांना नवस केला, आणि शाहू महाराज १७०७ सालीं सुटल्यावर तो फेडण्यासाठीं तेथें बांधकाम झालें, अशी स्थानिक आख्यायिका आहे. ज्या नाथांनीं पोथींतल्या राण्यांचें कारस्थान उधळलें त्यांच्याच टेकडीवर एका राणीचें मागणें पोंचलें, असें लोकांनीं मानलें. लोकांच्या स्मृतीला न्यायाची जाण पोथीपेक्षां थोडी अधिक असते ती अशी.

श्रावणांत आपल्या घरीं पोथी लागेल, तेव्हां चौदाव्या अध्यायाच्या पुढचा भाग सावकाश वाचावा. जालिंदरनाथांची समाधि, कानिफनाथांची गुरुभक्ति, गोपीचंदाचें वैराग्य यांना हात जोडावे; तीं थोर आहेतच. मात्र लुमावंतीचें नांव आलें कीं तिला कपटी म्हणून पान उलटण्यापूर्वी, वाचणाऱ्यानें घरांतल्या मंडळींना एक प्रश्न विचारावा: तिनें दुसरें काय करावयास हवें होतें? उत्तर देण्याची घाई पुरुषांनीं करूं नये. पहिलें उत्तर माजघरांतून येऊं द्यावें.